शुश्रूषेत सुगंधी तेलं : वॉर्डात काय चालतं, काय चालत नाही

रातपाळी

सध्या नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनी प्रकल्पाचे विषय घेऊन आल्या की त्यात लॅव्हेंडरचं सुगंधी तेल हमखास असतं. लॅव्हेंडरचा झोपेवर परिणाम, लॅव्हेंडरचा ऑपरेशनपूर्वीच्या भीतीवर परिणाम, पेपरमिंटचा मळमळीवर परिणाम. दुसरीकडे नातेवाईक डिफ्यूझर, म्हणजे सुगंधी तेल हवेत पसरवणारं यंत्र, घेऊन येतात आणि बेडशेजारी प्लग शोधतात. म्हणून हा धागा काढते आहे. मी सर्जिकल वॉर्डात इंचार्ज सिस्टर आहे. वासाचा विषय कुणी हसण्यावारी नेला की मला राग येतो, आणि कुणी त्याचा चमत्कार करून विकला की त्याहून जास्त येतो.

माझं मत आधीच मांडते. रुग्णाच्या नाकापर्यंत काय पोचतं ही सिस्टरची जबाबदारी आहे, पण त्यात क्रम पाळायला हवा. घाण वास जिथून येतो ते आधी काढायचं, मग खिडकी उघडायची, मग रुग्णाला विचारायचं, आणि एवढं झाल्यावर त्याच्यापुरता, त्याला हवा तेव्हा दूर करता येईल असा एखादा सुवास द्यायचा. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली हेच बजावून ठेवलं आहे : धुरी देऊन किंवा जंतुनाशक शिंपडून हवा शुद्ध होते असं समजू नका, वास झाकू नका, वासाचं मूळ हलवा. भरलेलं बेडपॅन पलंगाखाली ठेवून वर रूम फ्रेशनर मारणं म्हणजे शुश्रूषा नव्हे.

आता आधार असलेली एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या हाताशी असूनही फार कमी वापरली जाते. भूल उतरताना येणाऱ्या मळमळीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा स्वॅब हुंगायला देणं. इंजेक्शनच्या आधी कातडी पुसायला पाकिटातून येतो तोच. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात, सलाईन म्हणजे नुसतं मिठाचं पाणी हुंगलेल्यांपेक्षा हा स्वॅब हुंगलेल्या रुग्णांना उलटीचं जास्तीचं औषध कमी लागलं असं दिसतं. पेपरमिंटला मात्र त्यात ठोस आधार मिळाला नाही. अमेरिकेत आपत्कालीन विभागातही याचे प्रयोग झाले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या १२२ रुग्णांच्या प्रयोगात, नुसती ऑन्डनसेट्रॉन या उलटीवरच्या औषधाची गोळी घेतलेल्यांपेक्षा स्वॅब हुंगलेल्यांची मळमळ जास्त कमी झाली, सोबत गोळी असो वा नसो.

पद्धत अशी : स्वॅब नाकाखाली एक-दोन सेंटीमीटरवर धरायचा, नाकाने खोल श्वास घ्यायला सांगायचं, मिनिटभरात थांबायचं. काही मिनिटांनी पुन्हा देता येतो. आपल्याकडे सर्जिकल स्पिरिट म्हणून येणाऱ्या बाटलीत पुष्कळदा वेगळंच अल्कोहोल असतं, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय बोळा भिजवू नका.

तुमच्याकडे काय चालतं? अनुभव लिहा. डॉक्टर मंडळींनीही यावं.

प्राणवायू

सिस्टर, क्रमाबद्दल पूर्ण सहमत. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर, नागपूर. माझ्याकडून तीन सूचना, आणि त्या मी आग्रहाने मांडतो.

पहिली : सामायिक वॉर्डात डिफ्यूझर नको म्हणजे नको. दमा आणि सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट विकार) असलेल्या रुग्णाला उग्र वासाने श्वासनलिका आवळण्याचा त्रास होऊ शकतो. शेजारच्या पलंगावरच्या माणसाने तो वास मागितलेला नसतो आणि त्याला उठून बाहेरही जाता येत नाही.

दुसरी : ऑक्सिजन चालू असेल तिथे चेहऱ्याला तेल, तेलकट मलम, व्हॅसलीन काहीही लावू नका. नाकाशी ऑक्सिजनची नळी असताना तेलकट पदार्थ पटकन पेट घेऊ शकतो. ओठ कोरडे पडले तर पाण्यावर आधारित जेल वापरा. घरी ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर असलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं. घरात देवापुढे निरांजन असतं, उदबत्ती असते.

तिसरी : एप्रिल २०२१ मधली कोविडची लाट आठवा. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी तेलाची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा निरोप प्रत्येक फोनवर फिरत होता. मास्क बाजूला करून पुरचुंडी हुंगणारे रुग्ण आम्ही पाहिले. कापराने नाकात गार लागतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, पण ऑक्सिमीटरचा आकडा त्याने वर जात नाही. गार वाटण्याची ती जाणीव मज्जातंतूंची असते, फुप्फुसातली देवाणघेवाण तेवढीच राहते. ज्यांनी त्या भरवशावर दवाखान्यात यायला उशीर केला त्यांचं फार नुकसान झालं.

आणि कापूर, निलगिरी तेल पोटात गेलं तर आकडी येऊ शकते, लहान मुलांना तर थोड्याशानेही. आधीपासून फिट्स येणाऱ्या मोठ्यांनीही दोन्हींपासून जपून राहावं. बाटली औषधाच्या कपाटात, कुलपात ठेवा.

ओवा_शेपा

डॉक्टर, मी सिस्टर नाही, पण दोन सुनांची बाळंतपणं घरात केली आहेत. बाळाला सर्दी झाली की ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी करायची, बाळंतिणीला शेक-शेगडी, वर ओवा, वावडिंग, बाळंतशेपांची धुरी. आमच्या सासूबाईंनी केलं, आम्ही केलं. हे सगळं चूक का? सिस्टर आल्या की शेगडीच बंद करायला सांगतात.

प्राणवायू

काकू, सगळं चूक नाही, पण धूर मात्र चूक आहे. बंद खोलीत निखाऱ्यावरचा धूर तान्ह्या फुप्फुसाला वाईटच, मग तो ओव्याचा असो की लाकडाचा. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला तर वासही नसतो. बाळंतिणीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या. कोमट पुरचुंडी बाळाच्या अंथरुणापासून लांब ठेवली तर हरकत नाही, फक्त ती बाळाच्या हाती लागू देऊ नका आणि नाकाला टेकवू नका. मात्र कापूर, मेंथॉल, निलगिरी असलेलं मलम दोन वर्षांखालच्या मुलाला लावायचं नाही. मेंथॉलचा उग्र वास तान्ह्या बाळाच्या नाकाशी गेला तर श्वास अडकू शकतो.

बाळाचे कपडे डांबरगोळ्या घातलेल्या पेटीतून काढून थेट घालू नका. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांत त्या वासानेही रक्तपेशी फुटू शकतात आणि कावीळ वाढू शकते.

ओवा_शेपा

डांबरगोळ्यांचं माहीत नव्हतं. आमच्याकडे दुपटी पेटीतच असतात. आजच काढून उन्हात टाकते.

प्रसूतीकक्ष

मी लेबर रूममध्ये असते. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयातलं काम या विषयात नेहमी सांगितलं जातं, म्हणून त्याबद्दल लिहिते. १९९० ते १९९८ या काळात तिथल्या सुइणींनी ८०५८ बायकांना कळांच्या वेळी वेगवेगळी तेलं दिली. कुणाला कपाळावर थेंब, कुणाला पाय बुडवायच्या पाण्यात, कुणाला मसाज. निम्म्याहून जास्त जणींनी उपयोग झाला असं सांगितलं, त्रासाच्या नोंदी फार थोड्या आल्या. त्याच काळात तिथे पेथिडीन या वेदनाशामकाचा वापरही बराच खाली आला.

ऐकायला छान वाटतं, पण यात चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते. ज्या बाईला तेल मिळालं तिला तेवढा वेळ सुईणही मिळाली. पाठ चोळणारा हात, शेजारी बसलेलं माणूस. उतार कशाने पडला हे त्यातून सांगता येत नाही. आमच्याकडे एका सिस्टरकडे एका वेळी किती बायका असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला विचाराल तर तेलाची बाटली आणण्याआधी कळा देणाऱ्या बाईजवळ तिची आई किंवा बहीण थांबू द्यावी, ही मागणी मी जास्त जोराने करीन.

रातपाळी

हे फार महत्त्वाचं. "तेलाने झालं की हाताने?" हा प्रश्न विद्यार्थिनींनी प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हवा.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहिते आहे. पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करते, म्हणजे बरा न होणारा कॅन्सर असलेल्यांची शुश्रूषा. इथे वास हा शोभेचा विषय नाही, रुग्णाचं उरलेलं आयुष्य त्यावर ठरतं.

स्तनाचा किंवा तोंडाचा कॅन्सर कातडी फोडून बाहेर येतो तेव्हा त्या जखमेला जो वास सुटतो तो ज्याने घेतला आहे त्याला वेगळं सांगायला नको. आपल्या भागात तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण किती आहेत हे तुम्ही जाणता. घरचे दाराशी उभे राहून बोलतात. नातवंडांना आत सोडत नाहीत. रुग्णाला ते कळतं, मग तो स्वतःच "मला मागच्या खोलीत ठेवा" म्हणतो. जेवण सुटतं, कारण घास तोंडाशी नेला की स्वतःचाच वास येतो.

नातेवाईक काय करतात? उदबत्त्या, अत्तर, डेटॉलची फवारणी. त्याने दोन वास एकमेकांत मिसळतात आणि पुढे त्या उदबत्तीचाही तिटकारा येतो. गुलाबाच्या अत्तराने ओकारी येणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

इथे उपयोगी पडतं ते मेट्रोनिडाझोल. हा वास मुख्यतः ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा असतो आणि हे औषध त्याच जंतूंवर चालतं. जेल मिळालं तर जेल, नाही तर डॉक्टरांना विचारून गोळीची बारीक पूड जखमेवर. स्वस्त आहे, खेड्यातल्या औषधाच्या दुकानात मिळतं. बहुतेकांचा वास काही दिवसांत इतका उतरतो की माणसं पुन्हा पलंगावर बसायला लागतात. ड्रेसिंग काढण्याआधी सलाईनने नीट भिजवायचं, म्हणजे रक्त कमी येतं आणि कमी दुखतं. वरून कोळशाचा थर असलेलं ड्रेसिंग परवडलं तर उत्तम. ते शक्य नसेल तर पलंगाखाली पसरट भांड्यात लाकडी कोळसा ठेवा, तो थोडा वास शोषतो. काढलेलं ड्रेसिंग लगेच पिशवीत बांधून खोलीबाहेर न्या. जखमेत अळ्या झाल्या असतील तर सिस्टरला किंवा डॉक्टरांना बोलवा, घरी रॉकेल ओतू नका. आजही कुणी कुणी ओततात म्हणून मुद्दाम लिहिते.

एवढं सगळं झाल्यावर तेलाची पाळी. ड्रेसिंगच्या बाहेरच्या थराला एखादा थेंब, तोही रुग्णाने निवडलेला. जखमेवर तेल कधीही नाही. आमच्याकडे बहुतेक जण लिंबू मागतात. लॅव्हेंडर कुणालाच ओळखीचं नसतं.

केमोबद्दलही, म्हणजे कॅन्सरच्या औषधोपचाराबद्दलही, थोडं. केमोच्या दिवशी नवा सुवास देऊ नका. मळमळ आणि तो वास यांची मेंदूत गाठ बसते, आणि पुढे औषध संपलं तरी त्या वासाने पोट ढवळतं. काही जणांना दवाखान्याच्या फाटकाशीच उलटी होते ती याच कारणाने. म्हणून केमोच्या वॉर्डात सिस्टरांनी सेंट लावू नये आणि गजराही घालू नये असं मला ठामपणे वाटतं.

रातपाळी

ताई, तुमचा प्रतिसाद मी छापून ड्रेसिंग रूममध्ये लावणार आहे. परवानगी आहे ना?

मांडवीकाठ

अगदी. मेट्रोनिडाझोलच्या ओळीखाली जाड रेघ मारा.

निळा_डोंगर

मी जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे, मूळची साताऱ्याची. इथे अनेक रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत 'आरोमाफ्लेगे' नावाने हा प्रकार शुश्रूषेचा भाग म्हणून चालतो. आजार बरा करण्याचा दावा त्यात करायचा नसतो, तो प्रांत डॉक्टरांचा. झोपेआधी पाय चोळणं, कोरडी कातडी, अस्वस्थपणा, एवढ्यापुरतंच.

ज्यावरून शिकावं असं मला वाटतं ती इथली शिस्त. कोणती तेलं वापरायची याची यादी ठरलेली असते, कुणीही घरून बाटली आणत नाही. रुग्णाची संमती, अ‍ॅलर्जी, दमा, फिट्स यांची नोंद होते. मसाजच्या तेलात सुगंधी तेलाचं प्रमाण साधारण एक टक्का, म्हणजे ३० मिलिलिटर बदामाच्या तेलात सहाएक थेंब. म्हाताऱ्या, पातळ कातडीला त्याहूनही कमी. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दुसऱ्या दिवशी पाहायचं. काय लावलं आणि रुग्णाने काय प्रतिसाद दिला ते नोंदवहीत लिहायचं. नकोसं झालेलंही लिहायचं.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे दाखल करून घेतानाचा प्रश्न : या माणसाचं आयुष्य कुठल्या वासांत गेलं? कुणी सुतार असतो, त्याला लाकडाचा भुसा. कुणी बेकरीवाला. शेवटच्या दिवसांत गिळता येत नसेल तर तोंड पुसायचा बोळासुद्धा रुग्णाच्या आवडीच्या पेयात बुडवतात, कॉफी, कधी बिअर. हे आपल्याकडे का होऊ नये? आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने पहिल्या पावसाचा वास किंवा चुलीवरची भाकरी सांगितली असती. आपल्या वॉर्डात बडीशेप, वेलची, मोगरा, वाळा मागणारी माणसं असतील. लॅव्हेंडर इथल्या माणसांच्या आठवणीतलं आहे, म्हणून ते इथे चालतं.

घरची_पाळी

मी डोंबिवलीची. आईला अल्झायमर आहे. संध्याकाळ झाली की ती दाराशी जाऊन "मला घरी सोडा" म्हणत राहते, हात झटकते, कधी मारते. एका विक्रेत्या बाईंनी तेलांचा संच सुचवला आहे. किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याएवढी. "स्मृती परत येते" असं त्या म्हणतात. घेऊ का?

रातपाळी

ताई, घेऊ नका. स्मृती परत आणणारं कोणतंही तेल नाही.

२००२ साली इंग्लंडमध्ये तीव्र डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, ७२ रुग्णांवर मेलिसा या लिंबासारख्या वासाच्या वनस्पतीच्या तेलाचं लोशन वापरून पाहिलं, त्यात अस्वस्थपणा कमी झाल्याचं दिसलं आणि मोठी आशा निर्माण झाली. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जास्त काटेकोर चाचणीत तेच तेल खोट्या तेलापेक्षा सरस ठरलं नाही. कोक्रेनने २०२० मध्ये १३ अभ्यास, ७०८ रुग्ण एकत्र तपासले आणि खात्रीचा फायदा सापडला नाही असं म्हटलं.

त्यात अल्झायमरमध्ये वास ओळखण्याची क्षमता फार लवकर जाते. आईंना वास येतो का हे आधी पाहा. डोळे मिटायला सांगून हिंग, कॉफी, संत्र्याची साल नाकाशी धरा.

संध्याकाळच्या अस्वस्थपणासाठी पुढच्या गोष्टी रोज बघा : कुठे दुखतंय का, शौचाला झालं का, लघवीला जळजळ आहे का, तहान लागली आहे का. यांतलं काहीही त्यांना शब्दांत सांगता येत नाही, म्हणून हात उगारला जातो. अस्वस्थपणा अचानक वाढला तर लघवीची तपासणी करून घ्या. दिवे लागायच्या आधीच खोली उजळ करा. आणि हाताला साधं खोबरेल तेल लावून दहा मिनिटं हळूहळू चोळा. त्या शांत झाल्या तर रोज करा, हात ओढून घेतला तर थांबा. ज्या घरी सोडा म्हणतात ते घर बहुधा माहेर असतं. "तुमच्या घरी परसात काय होतं?" असं विचारून पाहा. बोलता बोलता दारापासून परत येतात.

आणि तुम्ही स्वतः किती झोपता? संध्याकाळचा एखादा तास दुसऱ्या कुणाकडे सोपवता येईल का?

घरची_पाळी

कोणी नाही हो. भाऊ दुबईत. पण लघवीची तपासणी उद्याच करते, आठवडाभर खरंच वाढलंय. खोबरेल लावल्यावर आईने माझा हात धरून ठेवला, सोडेना.

रेणू_आणि_बंध

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून बाटलीत काय असतं त्यावर लिहितो. सुगंधी तेल म्हणजे ऊर्ध्वपातनाने, किंवा लिंबू-संत्र्याच्या बाबतीत साल दाबून काढलेलं, डझनावारी रेणूंचं मिश्रण. नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी हा समज सोडावा. लॅव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्यातलं लिमोनीन हवेत ऑक्सिडाइझ झालं की कातडीला अ‍ॅलर्जी देणारी संयुगं तयार होतात. म्हणून बाटली गडद काचेची, घट्ट झाकणाची, थंड जागी, आणि उघडल्याची तारीख वर लिहिलेली असावी. बर्गमॉट या लिंबासारख्या फळाचं तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होते.

आपल्या बाजारात अगदी स्वस्तात 'लॅव्हेंडर ऑइल' मिळतं ते बहुधा कृत्रिम सुगंध असतो. खरं तेल आपल्याकडेही होतं, जम्मूमधल्या भदरवाहला सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या मदतीने शेतकरी लॅव्हेंडर पिकवतात. रुग्णालयाने घ्यायचंच असेल तर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक आणि तेलात कोणते घटक किती आहेत ते दाखवणारा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागावा. न देणाऱ्याकडून घेऊ नये.

आणखी एक गंभीर प्रकरण. २०२१ साली अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांत चार जणांना मेलिऑइडोसिस हा जंतूमुळे होणारा गंभीर आजार झाला, त्यातले दोघे दगावले. हा जंतू उष्ण प्रदेशातल्या माती-पाण्यात असतो, आणि हे लोक परदेशी गेलेलेच नव्हते. शोध घेता घेता एका घरातल्या अरोमाथेरपीच्या रूम स्प्रेत तो जंतू सापडला. लॅव्हेंडर-कॅमोमाइलचा तो स्प्रे भारतात तयार झालेला होता. सुगंधी तेल जंतू मारतं म्हणून स्प्रेत जंतू राहणार नाहीत असं मानणाऱ्यांनी हे वाचावं. पाण्यात थोडं तेल मिसळलेला फवारा आयसीयूत किंवा मधुमेहाच्या रुग्णाजवळ मारू नये.

बीएस्सी_तिसरं_वर्ष

सिस्टर, मी नर्सिंगची विद्यार्थिनी. माझा विषय 'व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या झोपेवर लॅव्हेंडरचा परिणाम' असा मंजूर झाला आहे. धागा वाचून गोंधळले. बदलू का?

रातपाळी

बदल. घशात नळी असताना हवा नाकातून जातच नाही, थेट श्वासनलिकेत जाते, मग वास पोचणार कसा? वर रुग्णाला नको म्हणायचीही सोय नाही. आयसीयूत झोप हवी असेल तर रात्रीचा उजेड, अलार्मचा आवाज आणि पहाटेच्या स्पंजिंगची वेळ हे विषय आहेत, त्यावर प्रकल्प कर.

वासावरच करायचा असेल तर रिकव्हरी रूममधली मळमळ घे. एका गटाला अल्कोहोल स्वॅब, दुसऱ्याला सलाईनमध्ये भिजवलेला, दोघांनाही तितकेच खोल श्वास. नाहीतर आराम श्वासाने पडला की वासाने हे कळणार नाही. वास ओळखू येतो, त्यामुळे रुग्णापासून गट लपवणं अवघड आहे, ते प्रकल्पात मोकळेपणाने लिही. मळमळ किती आहे ते शून्य ते दहात रुग्णालाच सांगू दे, आणि तो आकडा लिहिणारी मैत्रीण स्वॅब देणारी नसावी. एथिक्स कमिटीची मंजुरी नव्याने घ्यावी लागेल. उलटीचं औषध कुणाचंही अडवायचं नाही, मागितलं की लगेच द्यायचं, आणि किती जणांनी मागितलं तेच मोजायचं.

बीएस्सी_तिसरं_वर्ष

हे जमेल. गाईड मॅडमशी सोमवारी बोलते आणि आराखडा इथे टाकते. प्राणवायू सर, दम्याचे रुग्ण वगळायचे ना?

प्राणवायू

हो, वगळ. ज्यांना आधीच वास येत नाही त्यांनाही. कोविडनंतर अशी माणसं अजून बरीच आहेत, भरती करताना विचारून घे.